लग्नापुरते नेले

गुजरीतल्या वणकुद्रे सराफांच्या माडीवर
मी मोडी वाचते. पानाला चाळीस रुपये.
हेमचंदकाका समोर बसतात पाय पोटाशी घेऊन,
ऐकता ऐकता सुपारी कातरत.
त्यांच्या पणज्याच्या वह्या. तांबडं कापड,
कसरीनं चाळण केलेलं.

मोडीत आधी रेघ ओढतात,
पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि मग तिला अक्षरं टांगतात
वलणीवर धुणं टाकावं तशी.
म्हणजे रेघ आधीच असते.
कोण टांगलं जाणार ते मागून ठरतं.

डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
गर्दी उजवीकडं.
गंगावेशीतला पैलवान, चांदीचं कडं, खुराकासाठी अकरा रुपये.
हत्तीचा माहूत. कशासाठी, लिहिलेलं नाही.
सिनेमा कंपनीतला रंगारी, बायकोची नथ,
खाली बारीक अक्षरात: पडदा फाटला म्हणून.
मारुती चपलावाला, व्याजापोटी एक जोड, कापशी घाटाची.
काका हसतात. "आजोबा गेले, चप्पल ऱ्हायली."

मग एक बाई.
आक्काताई कोम केदारी गवंडी, वस्ती उत्तरेश्वर पेठ.

माझी पणजी.

शाळेच्या दाखल्यात ती नव्हती, तिला शाळाच नव्हती.
देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेल्या नावांत नव्हती,
पायऱ्या तिच्या नवऱ्यानं बसवल्या होत्या.
घराच्या उताऱ्यावर नव्हती.
एवढ्या मोठ्या कोल्हापुरात
तिचं नाव लिहायला एकच माणूस राजी झाला,
कारण तिच्याकडून येणं होतं.
नावे. म्हणून नाव.

चांदीचे तोडे, वजन एकोणतीस तोळे. रुपये चौदा.
वैशाख शुद्ध दशमी: लग्नापुरते नेले.
चार ओळींखाली: परत आणले.
मार्गशीर्षात नणंदेचं लग्न. नेले. आणले.
गहाणातली वस्तू
गहाण ठेवणारीच्याच हाती देणारा तो,
आणि सनई थांबल्यावर पायांतून काढून,
घोट्यांवर वळ घेऊन परत गुजरीत येणारी ती.
त्या दोघांच्या मध्ये जे होतं
त्याला वहीत रकाना नाही.
मला रोज फोनवर संदेश येतो:
प्रिय ग्राहक, आपल्या स्कूटरचा हप्ता थकला आहे.
प्रिय.

पुढचं पान. फाल्गुन वद्य तृतीया.
लग्नापुरते नेले.

मी खाली पाहिलं. त्याच्याही खाली. पान उलटून मागं.
एका गूळवाल्याची उचल, एका तेलिणीची फेड,
बुरशीचा डाग, नवं साल, श्री.

आमच्या कपाटात पिवळ्या रुमालात आहेत ते.
वर्षातून एकदा चिंचेनं उजळतो.
आई दर वेळी म्हणते,
आक्काताईनं कधी कुणापुढं हात पसरला नाही.
माझ्या लग्नात मी ते घातले होते.
लग्नापुरते.

"वाचा की वं बाई," काका म्हणाले,
"थांबलाय कशापायी?"
अडकित्ताही थांबला होता.
खाली दुकानात डबडं बोललं:
एकशे वीस रुपये प्राप्त झाले.

"शाई उडालीय इथं," मी म्हटलं.

त्यांनी वही घेतली, खिडकीपाशी उजेडाला धरली.
मोडी त्यांना येत नाही.
तरी बराच वेळ बघत राहिले.
"उडाली तर उडाली," म्हणाले,
"पानाचे चाळीस मात्र पुरते घ्या."

घेतले.

रात्री वहीचं कोरं पान काढलं
आणि एक रेघ ओढली,
या काठापासून त्या काठापर्यंत.
अजून तिला काही टांगलेलं नाही.